नऊ नंबरच्या गाडीतले दोघे

ताईला या दाव्यातून काय मिळणार होतं, याचा हिशेब वहिनीने, थोरल्या भावाच्या बायकोने, पहिल्याच आठवड्यात लावून ठेवला होता. धाकटा जिंकला तर थोरल्याच्या कंपनीला भरपाई द्यावी लागणार, म्हणजे ऑफिसात बसणाऱ्या ताईची पगारवाढ गेली. धाकटा हरला तर तो घराला कायमचा तुटला, आणि दोन भावांमधली बहीण म्हणून बोलणी खायला पुन्हा ताईच. दोन्हीकडून बाकी शून्य. "तरी धावपळ बघा बाईंची," वहिनी नवऱ्याला म्हणायची. "रजिस्टरं काय काढून देतात, वकिलाला तारखा काय जुळवून देतात. यांना मिळायचं काय आहे?"

वहिनीचा हिशेब सहसा चुकत नसे. फक्त जे मोजता येतं तेवढंच ती मोजायची. ताईला आपले दोन्ही भाऊ एका खोलीत, एकमेकांशी बोलताना पाहायचे होते. भांडले असते तरी चाललं असतं. आठ महिने दोघे फक्त वकिली पत्रांतून बोलत होते, आणि त्या पत्रांत थोरला 'प्रतिवादी' होता नि धाकटा 'अर्जदार'. एका बालदीत आंघोळ केलेल्या दोन पोरांना असली नावं पडलेली बघून ताईला पहिल्यांदा हसू आलं होतं. नंतर नाही.

कामगार न्यायाधिकरणाच्या दुसऱ्या मजल्यावर लांबलचक पॅसेज होता. डाव्या हाताची खोली मालकपक्षाला, उजव्या हाताची कामगारपक्षाला, आणि मध्ये भिंतीला लावलेला लोखंडी बाक. त्या बाकावर सकाळी अकरापासून आई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

"आई, आत बस ना. पंखा आहे."

"कुठल्या आत?"

ताईने दोन्ही दारांकडे पाहिलं.

"डावीकडे बसले तर धाकटा म्हणेल, तिकडची. उजवीकडे बसले तर थोरली सून वर्षभर ऐकवेल. इथे बरं आहे. दोघांची दारं दिसतात."

"दारं बंद आहेत, आई."

"बंद दारं मी काय पहिल्यांदा बघतेय?"

ताई तिच्या शेजारी टेकली. ती थोरल्याहून चार वर्षांनी लहान, पण धाकटा तिला ताई म्हणायचा म्हणून थोरलाही म्हणू लागला, मग आई, मग अकरा ड्रायव्हर आणि दोन मेकॅनिक. कंपनीची कुठली गाडी कुठे, कोणाच्या हातात, कधी निघाली, कधी पोचणार, हे गेली अठरा वर्षं ती एका टेबलावरून चालवत होती. रस्ता तिने फारसा पाहिला नव्हता. पण कुठल्या वळणानंतर फोनला रेंज जाते ते तिला पाठ होतं.

आजचा घोळही त्याच टेबलावरचा होता. प्रत्येक ट्रकच्या कॅबिनमध्ये एक यंत्र असतं. ड्रायव्हर आपलं कार्ड त्यात घालतो आणि यंत्र त्याचे तास मोजतं. नऊ तास झाले की त्याने थांबायचं, असा कायदा. पण गाडीत दोन ड्रायव्हर असतील तर पहिला मागे झोपतो, दुसऱ्याचं कार्ड आत जातं आणि गाडी पुढे निघते. नऊ नंबरच्या गाडीत कार्डं दोन होती आणि ड्रायव्हर एक. ड्रायव्हर धाकटा. दुसरं कार्ड थोरल्याचं. धाकट्याचे तास संपले की तो चष्म्याच्या घरातून भावाचं कार्ड काढून यंत्रात घालायचा आणि पुढे हाकायचा. ऑफिसात ताई त्याप्रमाणे कागद करायची : पहिले नऊ तास धाकटा, पुढचे आठ तास थोरला. कागदावर पाहिलं तर हे दोघे भाऊ सात वर्षं एकाच कॅबिनमध्ये खांद्याला खांदा लावून फिरत होते. प्रत्यक्षात थोरल्याने त्या गाडीचं दार एकदाही उघडलं नव्हतं.

मग गेल्या वर्षी एका वळणावर धाकट्याचे डोळे मिटले. क्षणभरच. त्याने गाडी बाजूला घेतली, भावाचं कार्ड यंत्रातून काढून खिशात घातलं, आणि नऊ तास झोपला. औषधांचा माल उशिरा पोचला, मोठं गिऱ्हाईक गेलं, आणि थोरल्याने फोनवरूनच सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस." त्यावर हा दावा : कामावरून बेकायदा काढलं, काम परत द्या, आणि एकट्याने चालवलेल्या जादा तासांचे पैसेही. कंपनीचं उत्तर एका ओळीचं. जादा तास अर्जदाराने चालवलेच नाहीत, ते दुसऱ्या ड्रायव्हरने चालवले. कागद बघा.

कागद ताईचे होते.

*

डावीकडच्या खोलीत वकील त्या कागदांची यादी थोरल्यापुढे सरकवत होता. तरुण होता, पेनाचं टोपण सारखं काढायचा नि लावायचा.

"दोनशे बारा फेऱ्या आहेत. तुम्ही फक्त एवढं म्हणायचंय की या सगळ्या फेऱ्यांत तुम्ही गाडीत होतात. शपथेवर. चार वाजता समेट अधिकाऱ्यांसमोर सही. मग समोरच्या बाजूकडे काही उरत नाही, जे देऊ ते घेतील."

"सही कुठे?"

"शेवटच्या पानावर."

थोरला कागद वाचत नसे. शेवटचं पान उलटून सही करायची, बाकी ताई बघते, अशी त्याची पद्धत. आत्ताही त्याचा अंगठा शेवटच्या पानापर्यंत गेलाच होता.

"अहो, सगळ्या फेऱ्यांत म्हणजे?" वहिनीने विचारलं. "सात वर्षं तुम्ही रोज रात्री घरी जेवायला होतात. माझ्या हातचं. ते कुठे दाखवायचं?"

"तुमच्या जेवणाच्या पावत्या आहेत का?" वकील हसत म्हणाला.

"पावत्या नाहीत. भांडी आहेत."

थोरल्याला हसू आलं नाही. तो त्या दुसऱ्या कार्डाचाच विचार करत होता. बाबांची पाठ कामातून गेली तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. बाबांनी त्याला कॅबिनमधून उतरवून खुर्चीत बसवलं, कारण थोरल्याला आकडे जमायचे आणि धाकट्याला नाही. त्या दिवसापासून त्याच्या हातात स्टिअरिंग आलं नाही. पण कार्डाची मुदत संपायला आली की तो कोणाला न सांगता जाऊन ते नवं करून आणायचा. डोळ्यांची तपासणी, नवा फोटो, पैसे भरले, झालं. कशासाठी, हे त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं. कार्ड पाकिटात असलं की वाटायचं, आपण अजून ड्रायव्हर आहोत, सध्या फक्त ऑफिसात बसलोय. मग एका वर्षी डिझेल वाढलं, दुसरा ड्रायव्हर परवडेना, आणि पाकिटातलं कार्ड धाकट्याच्या चष्म्याच्या घरात गेलं. थोरल्याला त्यात एक विचित्र बरं वाटलं होतं. निदान कार्ड तरी फिरतंय.

"द्या पेन," तो म्हणाला.

"इथे नाही. समेट अधिकारी मॅडमसमोरच."

*

उजवीकडच्या खोलीत धाकटा खिडकीशी उभा होता. खाली रस्ता होता, आणि त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकून तो न बघताच सांगत होता, "गिअर उशिरा टाकला. याच्या ब्रेकची एअर गळतेय. हा नवखा आहे."

"तुम्ही खाली बसा बघू," युनियनचे काका म्हणाले. त्यांना खोकला होता आणि त्यांच्याकडे आज अजून दोन दावे होते. "त्यांचा आकडा आलाय. वाईट नाही. पण कामावर परत घ्यायला तयार नाहीत."

"मग नको."

"अहो, ऐकून तर घ्या," त्याची बायको, धाकटी, म्हणाली. ती एका कारखान्यात गणवेश शिवायची, आज अर्धा दिवस रजा टाकून आली होती. "आठ महिने तुम्ही गोदामात हातगाडी ढकलताय. पैसे आले तर..."

"मी पैशासाठी आलेलो नाही."

"अर्जात तर काम आणि पैसे एवढंच लिहिलंय," काका म्हणाले.

"अर्जात दुसरं काही लिहिता येत नाही म्हणालात तुम्ही. मी म्हटलं होतं, लिहा, नऊ नंबर परत पाहिजे. आणि दादाने तोंडाने म्हणायचं की गाडी मी एकट्याने चालवली. बास."

काका खोकले. असा दावा लिहायला त्यांच्याकडे छापील फॉर्म नव्हता.

धाकटीने मान फिरवली. रोज पहाटे हा माणूस झोपेत डावा पाय दाबतो, क्लच दाबल्यासारखा, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. कामावरून येताना तो दोन स्टॉप आधी उतरून कंपनीच्या आवाराबाहेर उभा राहतो, नऊ नंबर सुरू होताना ऐकायला, हे तिला शेजारणीकडून कळलं होतं. आणि तिच्या मनात खोल कुठेतरी असं होतं की ती गाडी याला परत मिळू नये. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती. त्यातली किती त्याने घरात काढली हे मोजायला बसली तर रडू येईल, म्हणून ती मोजत नसे.

ती पाण्यासाठी बाहेर पडली. पॅसेजच्या टोकाला पाण्याचं मशीन होतं आणि तिथे वहिनी आधीच ग्लास धरून उभी. आठ महिन्यांत जावाजावांनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

"गार येत नाहीये," वहिनी म्हणाली.

"माझ्याकडेही कोमटच आलं मघाशी."

वहिनीने ग्लास मशीनवर ठेवला.

"आमचा आकडा कळला ना?" वहिनीने विचारलं. "मी अजून थोडा वर ढकलू शकते. हे माझं ऐकतात, पैशाच्या बाबतीत तरी. पण याला म्हणावं, गाडी सोड."

"मला चालेल."

"तुला?"

"मला तेच हवंय, मोठ्या जाऊबाई. गाडी नको, पैसे द्या. पण ह्यांना चालणार नाही."

वहिनीने धाकट्या जावेकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "म्हणजे आपण दोघींनी पाच मिनिटांत मिटवलं," ती म्हणाली, "आणि आत ते दोघे वकील करून बसलेत."

"आपल्याला कोणी आत विचारलं तर ना."

हसण्याचा आवाज ऐकून बाकावरच्या आईने मान वळवली. दोन सुना एका मशीनशी उभ्या राहून हसताहेत, हे बघून तिने ताईच्या हातावर चापट मारली. "बघ. होतंय काहीतरी."

ताईने बघितलं नाही. तिचं लक्ष डावीकडच्या दाराखाली दिसणाऱ्या उजेडाच्या पट्टीवर होतं. यादीतली एकशे एकतिसावी फेरी तिला तारखेसकट पाठ होती. मागच्या आठवड्यात वकिलाने विचारलं होतं, "एखाद्या तारखेत काही अडचण?" आणि ताईने म्हटलं होतं, "नाही, सगळ्या बरोबर आहेत." वगळता आली असती. तिने वगळली नाही. दादा ती ओळ वाचेल, असं तिला वाटत होतं. आणि त्याच दमात दादा कधी काही वाचत नाही, हेही तिला माहीत होतं.

*

समेट अधिकारी मॅडम निवृत्तीला आलेल्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, आणि आवाज असा की बोलणाऱ्याने आपोआप हळू बोलावं. बरोबर चारला त्यांनी दोन्ही पक्षांना मधल्या खोलीत बोलावलं. लांब टेबल, एका बाजूला थोरला, वहिनी, वकील. दुसऱ्या बाजूला धाकटा, धाकटी, काका. ताई टेबलाच्या टोकाला, रजिस्टरं घेऊन. भाऊ समोरासमोर बसले आणि दोघांनीही तिच्याकडे बघितलं, कारण एकमेकांकडे बघायचं नव्हतं. ताईला हेही चाललं.

वकिलाने शेवटचं पान उघडून थोरल्यापुढे ठेवलं.

"असं नाही," मॅडम म्हणाल्या. "माझ्यासमोर शपथेवर सही करायची तर आधी मोठ्याने वाचायचं. पहिल्या ओळीपासून."

"मॅडम, दोनशे बारा ओळी आहेत," वकील म्हणाला.

"मला पाचपर्यंत वेळ आहे."

थोरल्याने चष्मा लावला आणि शाळेत उभं केल्यासारखा वाचू लागला. तारीख. बंदर ते शीतगृह. दुसरा चालक, आठ तास. तारीख. बंदर ते सिमेंट कारखाना. दुसरा चालक, सात तास. पहिल्या पंधरा-वीस ओळी नुसत्या गेल्या. मग त्याचा आवाज बदलला. हे रस्ते त्याचे होते. बंदरातून निघून नऊ तास झाले की टोलनाका, मग तो सरळ बारा मैलांचा पट्टा, जिथे पहाटे समोरून एकही दिवा येत नाही. ताईने कागद करताना त्याच्या वाटणीला नेमका पहाटेचाच पट्टा घातला होता. दरवेळी. थोरल्याच्या ते चाळिसाव्या ओळीला लक्षात आलं. त्याने क्षणभर वर बघितलं आणि बहिणीने मान खाली घातली.

धाकटाही ऐकत होता. भावाच्या तोंडून आपले सगळे रस्ते एकामागून एक येताहेत, याला तो तयार नव्हता. एका ओळीला तो नकळत म्हणाला, "तिथे पूल बंद होता तेव्हा. वळसा घालून गेलो."

"केवढा वळसा?" थोरल्याने विचारलं. वाचण्याच्या ओघातच.

"दोन तासांचा."

"खालच्या गावातून?"

"मग कुठून."

वकिलाने टोपण लावलं. काकांनी खोकला दाबला. आठ महिन्यांतलं हे पहिलं बोलणं होतं, आणि ते एका बंद पुलाबद्दल होतं.

थोरला पुढे वाचत गेला. शंभर. एकशे दहा. एकशे तीस. मग एक तारीख वाचून तो थांबला.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"हा दिवस चुकलाय."

"चुकला म्हणजे?"

वकील वाकून बघू लागला. "बंदर ते शीतगृह. एकूण अठरा तास, त्यातले नऊ दुसरा चालक. काय चुकलंय?"

वहिनीने बोट ठेवून तारीख वाचली आणि हात तोंडावर नेला. त्या दिवशी तीही घरातच होती. सासऱ्यांच्या ओठांना कापसाच्या बोळ्याने पाणी लावत होती.

"बाबा गेले तो दिवस आहे," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज अगदी सपाट होता. "वाच की, दादा. लिहिलंय ते वाच. तू माझ्या शेजारी होतास त्या दिवशी. गाडी चालवत होतास. बाबांजवळ नव्हतासच."

"ती एक ओळ आपण काढून टाकू," वकील घाईने म्हणाला.

"काढा. काढा ना. मग त्या दिवशीचे अठरा तास कोणी चालवले? दादाचं कार्ड गाडीत आपलं आपण बसून आलं का?"

दार उघडं राहिलं होतं. बाकावरून उठून आई कधी उंबऱ्याशी आली, कोणाला कळलं नाही.

"काय विचारताहेत त्याला?" तिने ताईला विचारलं.

"त्या दिवशी दादा कुठे होता, ते."

"मग सांग की रे," आई थोरल्याला म्हणाली. "मला माहीत आहे. यांना माहीत नाही, तर सांग."

थोरल्याजवळ आयुष्यात तसं स्वतःचं फारसं काही नव्हतं. कंपनी बाबांची, खुर्ची बाबांची, गाड्या बँकेच्या. एक गोष्ट फक्त त्याची होती : बाप गेला तेव्हा तो उशाशी होता. सहा वर्षं तो ती सगळ्यांना सांगत आला होता, कंपनीच्या प्रत्येक बैठकीत, 'बाबा माझा हात धरून म्हणाले, धंदा सांभाळ.' आता ती गोष्ट आणि कागद, यातलं एकच काही ठेवता येणार होतं.

त्याने कागद मिटला.

"मी घरी होतो," तो म्हणाला. "बाबांच्या उशाशी. गाडीत नव्हतो. त्या दिवशीही नाही आणि बाकीच्या दोनशे अकरा दिवशीही नाही. गाडी यानेच चालवली. एकट्याने."

वकिलाने डोळे मिटून घेतले. धाकट्याला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्याला त्याचं काय करावं कळेना.

"आणि बाबा धंदा सांभाळ म्हणाले नाहीत," थोरला पुढे म्हणाला. आता तो थांबणार नव्हता. "दुपारपासून ते एकच विचारत होते. 'सुसाट कुठे पोचला?'"

धाकट्याला ते नाव बाबांनी दिलं होतं, सगळ्या ड्रायव्हरांत तो सर्वांत सावकाश चालवायचा म्हणून. सहा वर्षांत ते कोणी उच्चारलं नव्हतं.

"तू काय सांगितलंस?" धाकट्याने विचारलं.

"सांगितलं, येतोय. पोचतोच आहे. दर पंधरा मिनिटांनी विचारायचे, दर पंधरा मिनिटांनी मी सांगायचो, टोलनाक्याला आला, पुलाशी आला. संध्याकाळपर्यंत मी तुला दारापर्यंत आणलं होतं."

धाकट्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले, जणू ते कुठेतरी धरून ठेवायला हवे होते. मग हिशेब त्याच्या डोक्यात जुळला.

"दुपारी मी फोन केला होता. ऑफिसात. विचारलं होतं, बाबा कसे आहेत, परत फिरू का." तो ताईकडे वळला. "तू म्हणालीस, बरे आहेत, माल उतरवून ये."

"हो."

"दादाने सांगितलं होतं तसं म्हणायला?"

सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं. थोरला ताईकडे बघत होता. त्या दुपारी तो घरून फोनवर एवढंच म्हणाला होता, 'गाडी परत फिरवू नकोस, माल नासेल.' ताईने होकार दिला असता तर सगळं त्याच्या माथी गेलं असतं आणि त्याने ते घेतलंही असतं. आज तो घेण्याच्या बेतात होता.

"माल उतरवून ये, हे दादाचं," ताई म्हणाली. "बरे आहेत, हे माझं."

"का?"

"बाबांचाच नियम. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला वाईट बातमी द्यायची नाही. मला वाटलं, तुझा हात हलेल. अठरा तासांचा रस्ता होता."

"मी स्टिअरिंगवर नव्हतो, ताई." धाकटा हळू बोलत होता. "गाडी बाजूला लावून, इंजिन बंद करून, खाली उतरून फोन केला होता. तुला ऐकू यायला हवं होतं. माझ्या मागे इंजिनचा आवाज नव्हता."

अठरा वर्षं ताई फोनवरून गाड्या ओळखत आली होती. गाडी चालू आहे की उभी, चढावर आहे की उतारावर, हे तिला माणसाने बोलायच्या आधी कळायचं. त्या दुपारचा फोन तिने मनात पुन्हा लावून पाहिला. वाऱ्याचा आवाज होता. दूर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. इंजिन नव्हतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "नव्हता."

मॅडमनी चष्मा काढून दोरीवर सोडला. "हे सगळं मला नोंदवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि नोंदवलं की परिवहन खात्याला कळवावं लागेल. दोन कार्डांचं. सगळ्यांना समजतंय ना?"

सगळ्यांना समजत होतं. थोरला उठला, टेबलाला वळसा घालून पलीकडे गेला आणि धाकट्याच्या शेजारच्या खुर्चीत बसला. धाकट्याने खुर्ची सरकवली नाही. आई तिथेच उंबऱ्यात रडू लागली, आणि दोन्ही सुनांनी धावत जाऊन तिला धरून धाकटीच्या खुर्चीत बसवलं. ताई रजिस्टरं गोळा करत राहिली. तिला हवं होतं ते सगळं समोर होतं. फक्त त्या बाजूला बसायला खुर्ची उरली नव्हती.

*

पुढच्या दोन वर्षांत कोणी काय भरलं ते असं.

कंपनीने सात वर्षांच्या जादा तासांची भरपाई दिली आणि दंडही भरला. त्यासाठी चार गाड्या गेल्या; नऊ नंबर ठेवली. वहिनीने नव्या गाडीसाठी साठवलेलं सगळं त्यात गेलं, आणि ते किती हे ती अजूनही न विचारता सांगते. थोरल्याचं कार्ड कायमचं रद्द झालं. ते खिडकीवर जमा करताना त्याने समोरच्या कारकुनाला विचारलं, फोटो तरी काढून देता येईल का; कारकून नाही म्हणाला. दुसऱ्याचं कार्ड वापरलं म्हणून धाकट्याचा परवाना दीड वर्ष गोठवला गेला. ते दीड वर्ष तो घरी होता, संध्याकाळी बायकोला कारखान्याच्या फाटकावर घ्यायला जात होता. नंतर थोरल्याने त्याला नऊ नंबरची किल्ली दिली. तेव्हा धाकटीने त्याची पिशवी भरून दिली आणि दार लावून घेतलं. तिने भरलं ते तिथे भरलं.

दोनशे बारा कागदांखाली सही ताईची होती. वाहतूक व्यवस्थापकाचं तिचं प्रमाणपत्र काढून घेतलं गेलं, आणि त्याशिवाय त्या टेबलावर बसता येत नाही. आता ती दुसऱ्या एका गोदामात खोक्यांवर पत्ते चिकटवते. भाऊ तिच्यावर रागावलेले नाहीत, असं दोघेही म्हणतात. तिचा विषय निघाला की थोरला म्हणतो, "तिने तेव्हाच सांगायला हवं होतं," आणि धाकटा म्हणतो, "हो ना," आणि या एका बाबतीत त्यांचं आजवर कधी दुमत झालेलं नाही.

दर रविवारी दोघे भाऊ आईकडे एकत्र जेवतात. ताई शनिवारी जाते.